पाठीचं कापड

मेलेल्या माणसाचं अंग ऐकत नाही. हात वर कर म्हटलं तर करत नाही, कोपरात वाकत नाही, आणि जड इतकं होतं की काल सहज कुशीवर वळणारा म्हातारा आज दोघांना आवरत नाही. म्हणून अशांचे कपडे शिवणारे एक युक्ती करतात. सदऱ्याला पुढचा भाग असतो, बाह्या असतात, कॉलर असते, बटणंही लावलेली असतात. फक्त पाठ नसते. पुढून चढवायचा, कडा अंगाखाली खोचायच्या, की झालं. बघणाऱ्याला पुढचंच दिसतं. पाठ जायची फळीवर आणि फळी जायची मातीत.

टाकेबाई मात्र पाठ शिवत असे.

तिला हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. चर्चच्या मागच्या गल्लीत तिची एक खोली होती. खिडकीला लागून मशीन आणि भिंतीशी एक लांब टेबल, जे मुळात कुणाच्या तरी घराचं दार होतं. त्याच्यावर ती कापड बेतायची. जिवंतांचे कपडेही शिवायची, पण तिचं नाव झालं ते मेलेल्यांच्या कपड्यांमुळे. तिच्या सदऱ्याला पूर्ण पाठ असे, खांद्याला नीट उतार असे, आणि काजं अशी केलेली असत की बटण खरोखर घालता काढता यावं. मुंढा जरा सैल ठेवायची. म्हणायची, पडून पडून अंग आखडलेलं असणार, उठताना काखेत काचायला नको.

समोरच्या शेडमध्ये सुतार पेट्या करायचा. दोघांचं गिऱ्हाईक एकच, त्यामुळे दोघांचं भांडणही रोजचं.

"अगं, एवढं कापड वाया घालवतेस," सुतार म्हणायचा. "पाठ कोण बघणार आहे?"

"मागे उभा असेल तो बघेल."

"मागे माझी फळी आहे. तिला डोळे नाहीत."

"न्यायाच्या दिवशी कबरीतून उठतील तेव्हाचं म्हणते मी. सगळे एकदम उठणार, गर्दी होणार. त्या गर्दीत पाठ उघडी टाकून उभं राहायचं होय माणसानं? लोक विचारतील, कुणी शिवलं हे."

"म्हणजे तुला काळजी तुझ्या नावाची."

"माझ्या नावाची, आणि त्यांच्या पाठीचीही."

मग सुतार रंधा बाजूला ठेवून हुकमाचं पान टाकायचा. "प्रभू उठला तेव्हा अंगावरचं कापड कबरीतच ठेवून गेला की. तुझी शिवण कोण घेऊन जाणार?"

"तो प्रभू. त्याला कुठंही मिळेल. आपली माणसं गरीब, अंगावरचं सोडून जायची नाहीत."

असं हसत बोलायची, पण तिला ते खरंच तसं वाटायचं. विहिरीत पाणी आहे हे जसं माणूस वाकून न बघता मानतो, तसं तिनं मानलं होतं. मरण म्हणजे एक दार. आत गेलेल्याला ते कधीच उघडता आलं नाही. मग ख्रिस्त आपल्या पायानं आत गेला आणि त्यानं ते आतून असं मोडलं की त्याची कडी पुन्हा कधी बसली नाही. आता माणसं जातात ती मोडक्या दारातून जातात. इतकं सरळ होतं ते तिच्यासाठी. मोठमोठे शब्द तिच्याकडे नव्हते. तिच्याकडे कात्री होती, आणि आपली श्रद्धा ती कापडात बेतत होती.

अशा बाईची श्रद्धा अडली ती सख्ख्या भावापाशी.

तिचा नवरा आणि धाकटा भाऊ एकाच लाकडाच्या वखारीत कामाला होते. एकदा वखारीतून सागाच्या फळ्या गेल्या. फळ्या धाकट्यानं नेल्या होत्या. चौकशी झाली तेव्हा त्याची बोबडी वळली, आणि त्यानं मेव्हण्याचं नाव घेतलं. पुढे कोर्टातही तेच सांगितलं, वर हात करून, शपथेवर. नवरा तुरुंगात गेला. परत आला तो खोकत आला. ऊन पडलं की दारात बसायचा, आणि मशीन चाललेली ऐकायचा. एक दिवस टाकेबाईनं त्याचाच सदरा शिवला. पाठ शिवताना तिची सुई कुठं हलली नाही, असं बघणारे सांगतात.

त्यानंतर पुष्कळ काळ लोटला, आणि एका रविवारी धाकटा चर्चमध्ये उभा राहिला. त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं: फळ्या मी नेल्या, साक्ष खोटी दिली, दाजी निर्दोष होते. बोलताना समोरच्या बाकाची कड धरून होता. टाकेबाई उठली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज तेवढा सगळ्यांनी ऐकला.

संध्याकाळी पाळक तिच्याकडे आले. "त्यानं पाप कबूल केलंय, बाई. त्याचं पाप प्रभूनं वधस्तंभावर वाहून नेलं."

"नेलं असेल," ती म्हणाली. "माझा माणूस कुठं आणून दिला?"

पाळक भले गृहस्थ होते. नमस्कार करून निघाले.

धाकटाही आला एकदा. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, "ताई" म्हणाला. तिनं मशीनवरचा पाय थांबवला नाही. शिवायला खाली कापडही नव्हतं; नुसतीच सुई वर-खाली होत राहिली, तो जाईपर्यंत.

मग तो आजारी पडला आणि गेला. त्याच सकाळी भावजय कापड घेऊन आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"वन्सं, यांचं शिवायचंय."

"गावात दुसरे शिंपी मेले का?"

"यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणाले, ताईनंच शिवावं." भावजयीनं कापड टेबलावर ठेवलं. "आणि म्हणाले, पाठीचं मात्र काही बोलू नकोस. तिला वाटेल तसं करू दे."

टाकेबाईनं कापड उलगडलं. खडूनं पुढचा भाग आखला, बाह्या आखल्या, कॉलर आखली. पाठीपाशी खडू थांबला. गल्लीतून सुताराच्या हातोडीचा आवाज येत होता. शेवटी तिनं कात्री उचलली, आखलं होतं तेवढंच कापलं आणि शिवायला बसली. काजं चोख केली. कामात खोट राहू द्यायची नाही. उरलेल्या कापडाची घडी घालून तिनं ती भावजयीच्या हातात दिली, कारण गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड तिनं जन्मात ठेवून घेतलं नव्हतं. भावजयीनं घडी हातावर तोलली. उरायला हवं होतं त्याहून ती कितीतरी जड होती. घडी तिनं उराशी धरली आणि दोघी धाकट्याच्या घराकडे निघाल्या.

घरासमोर माणसं जमली होती. सुतार पेटी घेऊन आला होता. आतल्या खोलीत धाकटा खाटेवर होता, केस पांढरे झालेला, गालफडं बसलेला. मेलेल्याला कपडे घालायचंही काम टाकेबाईचंच असे, आणि घालताना ती त्या माणसाशी सतत बोलत असे. हात दे बाबा, जरा उचलू का, दुखलं का, झालंच बघ आता. बोलल्याशिवाय ते जड अंग आवरतच नसे. आज बोलायची गरज पडली नाही. बिनपाठीचा सदरा पुढून चढवला, बाह्यांत हात सरकवले, कडा खाली खोचल्या. बघता बघता झालं. इतकं सोपं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

भावजयीनं सदऱ्यावरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. मग अगदी खालच्या आवाजात, टोमणा मारायचा म्हणून नव्हे, समजूत घालावी तशी म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका वन्सं. उठतील तेव्हा मी यांच्या मागे उभी राहीन. पाठ झाकून घेईन. कुणाला दिसणार नाही."

टाकेबाई खाटेच्या कडेवर बसली.

आजवर तिचं ते बोलणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. सुतारानं, पाळकांनी, गल्लीतल्या पोरींनी. या बाईनं ते जसंच्या तसं खरं धरलं होतं, आणि त्या दिवशी कुठं उभं राहायचं तेही ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याची लाज आपल्या अंगानं झाकायची. हे आपण कुठं पाहिलंय, असं टाकेबाईच्या मनात आलं, आणि कुठं ते तिला लगेच कळलं. चर्चच्या भिंतीवर दर रविवारी समोरच तर असतो तो वधस्तंभावर, उघडा, हात पसरून, सगळ्यांच्या आणि न्यायाच्या दिवसाच्या मध्ये उभा राहिलेला. त्याच्या आड आपण सगळे उभे आहोत. मीही. मशीन नुसतीच चालवत राहिले ती मीही.

मरण हरलं हे तिनं केव्हाच मानलं होतं. त्यासाठी काही सोडावं लागत नव्हतं. पाप हरलं हे मानायचं तर ते या खाटेवरचंही हरलं असं मानावं लागत होतं. आणि हे एक हरलं नसेल, ख्रिस्ताचा विजय या एका माणसाजवळ येऊन अडला असेल, तर तो विजय कसला? मग तिनं शिवलेल्या त्या सगळ्या पाठी कशाच्या जोरावर शिवल्या? नवऱ्याचीसुद्धा?

"ते कापड आण," ती भावजयीला म्हणाली.

सदरा काढला. खिडकीपाशी बसून तिनं पाठ बेतली आणि हातानंच शिवायला घेतली. मशीन आणायला कुणाला तरी धाडावं हे तिला सुचलंच नाही. बाहेर माणसं ताटकळली. पाळक दोनदा दारापर्यंत येऊन गेले. शेवटी सुतारानं आत डोकावलं.

"अजून काय राहिलंय?"

"पाठ."

सुतारानं तिच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. या बाबतीत त्याच्याकडे नेहमी काही ना काही बोलायला असे. आज त्यानं फक्त दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरच्यांना म्हणाला, "बसून घ्या. वेळ आहे."

मग पुन्हा कपडे घालणं आलं. पाठीचा सदरा सहजासहजी चढत नाही. भावजयीनं खांदे उचलून धरले, टाकेबाईनं बाही गोळा करून धरली आणि हात आत घालायला गेली. हात येईना. आडमुठ्यासारखा ताठ. तिनं ओढून पाहिलं, वळवून पाहिलं. घामाघूम झाली. बोलल्याशिवाय व्हायचं नव्हतं.

"हात दे," ती म्हणाली. मग त्याचं कोपर धरून पुन्हा म्हणाली, "हात दे रे. लहानपणीही असाच करायचास. आईला दमवायचास. दे इकडं."

हात आला. दुसराही आला. तिनं सदरा पाठीवरून खाली ओढला, शिवण मणक्यावर सरळ केली, बटणं लावली, वरचं एक मोकळं ठेवलं, कारण गळ्याशी आवळलेलं त्याला कधी चालत नसे.

पेटीत ठेवल्यावर पाळक तिच्याजवळ आले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माफ केलंत, बाई?"

"अजून नाही," टाकेबाई म्हणाली. "एवढ्यात जमायचं नाही मला. खूप बोलायचंय त्याच्याशी. दारात आला होता तेव्हा ऐकून घेतलं नाही, तेही सांगायचंय." तिनं पेटीत एकदा वाकून पाहिलं. "ते समोरासमोरच व्हायला हवं. त्याला उठावंच लागेल."

पाळकांनी मान हलवली. सुतारानं झाकण उचललं, आणि ठोकण्याआधी तिच्याकडे बघून थांबला. तिनं ठोक म्हणून खूण केली तेव्हा कुठं त्यानं पहिला खिळा धरला.