एकेचाळिसावं पत्र

इतक्या लांबून इतक्या बारीक चौकशा करणारा माणूस माझ्या धाकट्या काकांखेरीज उभ्या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. चौलात जन्मलेला हा माणूस चौलाविषयी वाचायला पोर्तुगालात गेला, यातच त्यांचं सगळं आलं. आमचं गाव एके काळी मोठं बंदर होतं आणि त्याचे जुने कागद लिस्बनच्या दप्तरखान्यात पडून आहेत, असं त्यांनी कुठेसं वाचलं, आणि मुंबईच्या कॉलेजातली बरी नोकरी सोडून, तोंडाने तिकडची क्रियापदं घोकत, ते बोटीवर चढले. "दीड वर्षात येतो," असं काकूला सांगून गेले. निदान काकू तरी तसं सांगते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या आठवणीप्रमाणे ते धक्क्यावर "ट्रंकेची चावी कुठाय?" एवढंच बोलले.

माझे आईवडील मुंबईत असत. मॅट्रिक झाल्यावर डॉक्टरांना माझी छाती नाजूक वाटली, म्हणून मला चौलच्या हवेवर ठेवलं होतं. आप्पांना मोतीबिंदू, काकूला अक्षरओळख नाही, तेव्हा काकांची पत्रं वाचायचं आणि उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे माझं मराठी वाचन अडखळत चाले, आणि ओटीवर जमलेल्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचं म्हटलं की मी माजघरात दडून बसे. पण पंधरा दिवसांनी पाकीट येई आणि आप्पा ओरडत, "सूनबाई, मडमेला बोलवा! सरकारी हुकूम आलाय."

हुकूमच असे तो. नमस्काराची एक ओळ संपली की कलमं सुरू. कलम पहिले: दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या पुन्हा मोजाव्यात, मागच्या दोन मोजण्यांत अकरांचा फरक पडतो. कलम दुसरे: रेवदंड्याच्या तटाची पडकी बाजू सुतळीने मोजावी आणि आकड्यांवर विश्वास नसल्याने सुतळीच पाठवावी. मग काकू पदर खोचून तटाशी सुतळी धरून उभी राही, दुसरं टोक माझ्या हातात, आणि बाजाराला निघालेल्या कोळणी टोपल्या उतरवून विचारत, "काय गं काकू, किल्ला इकायला काढला हाय काय?"

"नाही गं," काकू शांतपणे सांगे, "इकडून मागवलाय." काकांना ती कधी नावाने सोडाच, 'ते' असंही म्हणत नसे, 'इकडून' म्हणे. चार हजार मैलांवरच्या माणसाला 'इकडून' म्हणताना तिला काही वावगं वाटत नसे.

एकदा काकांनी कळवलं की पाव, बटाटा आणि चावी हे आपले तिन्ही शब्द तिकडून आले आहेत. पावाला शिवायचं नाही हा आप्पांचा नेम. ते इतके खवळले की जानव्याला बांधलेली कोठीची चावी त्यांनी सोडून अंगणात फेकली. ती शोधेपर्यंत दोन दिवस आम्ही शेजारच्या तांदळावर जेवलो.

पण हा माणूस स्वतःविषयी अवाक्षर लिहीत नसे. काय खातो, कुठे झोपतो, थंडीत काय पांघरतो, काही नाही. काकू प्रत्येक उत्तराच्या शेवटी मला एकच ओळ घालायला लावी: येणं केव्हा होणार? मी तिला पाचवा नंबर देई, कारण काका नंबर नसलेल्या प्रश्नाकडे पाहतच नसत. दीड वर्ष झालं, दोन व्हायला आली. उत्तर ठरलेलं: "कलम पाचवे विचाराधीन आहे." मी ते वाचलं की काकू मान हलवी आणि म्हणे, "विचार चाललाय म्हणजे चांगलंच आहे की."

आता दगडाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर झिजलेली अक्षरं होती. सातव्या पत्रात काकांनी तो दगड उचलून ओटीवर आणायला सांगितलं, आणि आठव्यात लिहिलं की नको, हलवू नका, जागा महत्त्वाची आहे. टपालात आठवं आधी आलं, सातवं मागाहून. मागाहून आलेला हुकूम तो शेवटचा, असं आप्पांनी ठरवलं आणि आठ गडी लावून दगड ओटीवर चढवला. हे कळल्यावर काकांचं दहावं पत्र आलं, त्यात एकच कलम होतं: "पाकिटाच्या कोपऱ्यात नंबर असतो. नंबरवारीनेच पत्र फोडावे. मधले पत्र आले नसेल तर ते येईपर्यंत पुढचे फोडू नये, मग कितीही काळ जावो." आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरी हा नियम सोवळ्याइतका कडक झाला.

चाळिसावं पत्र वैशाखात आलं. त्यानंतर टपालवाला आला तो बेचाळिसावं घेऊन; नंबर मी वाचून सांगितला.

"एकेचाळीस कुठाय रे?" काकूने विचारलं.

"न्हाय आलं, काकू. ह्योच हाय."

"येईल. पावसामुळे बोटी बंद झाल्यात, कुठेतरी अडकलं असेल." तिने पाकीट फडताळात ठेवलं. मग त्रेचाळिसावं आलं, तेही तिथे गेलं. चव्वेचाळिसाव्यावरचं अक्षर तिरपं होतं. पंचेचाळिसाव्यावरचा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हातचा होता. कोपऱ्यातला नंबर तेवढा काकांचा, तोही कापऱ्या हाताने काढलेला. हे मी पाहिलं. घरात अक्षर ओळखू शकणारी मी एकटीच होते. मी एवढंच म्हटलं, "काकू, फोडू का गं?"

"इकडून काय लिहिलंय ते तूच वाचलंस ना?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी ओटीवरच्या दगडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला आणखी एक वाक्य बोलता आलं असतं. पण लहानपणापासून दुसरं वाक्य मला कधी जमलेलं नाही.

मग तार आली. तारेवर नंबर नव्हता, म्हणून ती लगेच फोडता आली. इंग्रजी होती. काकांच्या घरमालकिणीने केलेली, सहा-सात शब्दांची. इंग्रजी शाळेत घालवलेली सगळी वर्षं जणू त्या सहा-सात शब्दांसाठीच होती. मी ते अंगणात उभ्याने वाचले आणि मराठीत सांगितले.

काकांचे दिवस वगैरे झाले. आप्पा म्हणाले, "आता ती पत्रं फोडा." काकू फडताळापुढे उभी राहिली. "एकेचाळिसावं आलेलं नाही," ती म्हणाली. "चार पत्रं राहिलीत अजून. वाचली की संपली."

एका दुपारी काकू देवळात गेली असताना मी ती फोडली. बेचाळिसाव्यात लिहिलं होतं: "कलम पाचवे: येतो. ताप हटत नाही आणि इथल्या येत्या हिवाळ्यापुढे टिकाव लागेलसे वाटत नाही. मात्र काम अर्धे टाकून येण्यास आप्पांची परवानगी हवी. 'ये' एवढीच तार करावी, मी बोटीत बसतो." त्रेचाळिसाव्यात फक्त तापाचे आकडे. चव्वेचाळिसाव्यात: "तार नाही. काम पुरे करूनच यावे अशी आप्पांची इच्छा दिसते, आणि ती योग्यच आहे." त्यावरच्या तारखेला बेचाळिसावं पत्र आमच्या फडताळात येऊन सहा-सात दिवस झाले होते. तार एका दिवसात पोचली असती. पंचेचाळिसाव्यात चारच ओळी होत्या, त्या काकूला. पहिल्यांदाच, आणि कलमाचा नंबर न घालता. त्या मी इथे लिहिणार नाही. त्या तिच्या आहेत.

भाताच्या खळीने मी चारही पाकिटं पुन्हा चिकटवली. आप्पांना सांगितलं नाही, आणि दोन वर्षांनी तेही गेले. काकूला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिण्याचा धीर तरी झाला.

आजही टपालवाला फाटकाशी आला की काकू विचारते, "काय रे, एकेचाळीस?" तो "न्हाय, काकू" म्हणतो, आणि दाराआड उभी असलेली मी रोखलेला श्वास सोडते. पूर्वी मी त्या पत्राची वाट पाहायची. आता ते समुद्रातच बुडालेलं असावं, असं रोज मनात म्हणते.

दर गुरुवारी ती दत्ताच्या डोंगरावर जाते. परवा परत आली ती धापा टाकत ओटीवरच्या दगडावर टेकली. "या खेपेला फरक नऊचाच पडला," ती म्हणाली. "लिहून ठेव गं. कलम पहिलं."

मी लिहून ठेवलं. खाली, नेहमीच्या जागी, पाचवंही लिहिलं.