समुद्राकाठी गादी वाळवणं

आमच्या या समुद्राकाठच्या गावात पावसाळा संपतो म्हणजे नेमकं काय होतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. पाऊस थांबतो, ओल थांबत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, डब्यांची झाकणं गंजून बसतात. आणि आश्विन लागला की सासूबाई खळं करायला काढतात. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. पावसानं उखडलेली जमीन खणायची, माती भिजवायची, चोपण्यानं बडवून सपाट करायची, वर शेणाचा हात फिरवायचा. कंबर मोडते. मग दुपारी परतीचा पाऊस येतो आणि सगळ्याचा चिखल करून जातो. गेल्या वर्षी पुन्हा बडवायची वेळ आली तेव्हा मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, की सरळ फरशी घाला, नाहीतर हे चोपणं मी विहिरीत टाकीन. त्याही ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. आमचं भांडण नारळ उतरवणाऱ्यानं झाडावरून ऐकलं.

त्याच दिवसांत माझी आई अकोल्याकडच्या हिवरखेडहून आली होती. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटीच होती, वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेलं. आता तिला परत पाठवायचंच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनी आपणहून मागची खोली रिकामी करून दिली. भांडतात, पण मनानं चांगल्या आहेत.

हिवरखेडात आईचा आवाज चार घरं ओलांडून जातो. भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत तिनं कोणाला सोडलेलं नाही. इथे मात्र ती कोणी दुसरीच बाई झाली. तांदळाची भाकरी चालेल का, तर हो. चहात साखर जास्त पडली, तर छान झाला. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू मासळी वाळत घालायच्या. आई माळकरी, पण नाकाला पदर म्हणून लावला नाही तिनं. मला त्या गोडपणाचा वैताग यायला लागला.

आणि वर तिला रिकामं बसवेना. माझ्या लग्नात तिनं घरच्या कापसाची गादी दिली होती, ती इथल्या ओलीनं दगड झाली होती. एका उन्हाच्या दिवशी, मला न विचारता, तिनं ती उसवली आणि कापूस मोकळा करून पडवीपुढे पसरला. हिवरखेडात या दिवसांत असंच करतात. तिथे समुद्र नाही. दुपारी वारा सुटला आणि कापूस निघाला. जास्वंदीवर बसला, आमच्या ताज्या सारवलेल्या खळ्यावर बसला, आणि कुंपण ओलांडून काकूंच्या मीठ लावलेल्या मासळीला जाऊन चिकटला.

काकू तणतणत आल्या. त्यांचं बरोबरच होतं. तरी मी आईकडे बघितलं, म्हटलं आता ही सुरू होणार. आईनं हात जोडले. मग कुंपणापलीकडे गेली, मासळीपुढे बसली आणि बोंडातून काढावा तसा एकेक पुंजका वेचायला लागली.

माझं डोकंच फिरलं. तिच्यामागे जाऊन मी म्हटलं, "कावून हात जोडले तू? आन् हे कावून वेचून राहिली? मी देते त्यायले भरून."

तिनं मान वर केली नाही. "तू सासूवर खेकसून राहिली होती ना, तवा मले बरं वाटलं," ती म्हणाली. "घर तुयं झालं. मले इथं कोणावरच चिडता येत नाही, माय. दिवसभर गोड बोला लागते. थकली मी."

मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला. मागची खोली, नवी चादर, माझा बेत, सगळं निकालात निघालं. मी तिच्या बाजूला बसून वेचायला लागले. मासळीचा वास दोघींच्याही हातांना लागला.

संध्याकाळी मी नवऱ्याला अकोल्याचं तिकीट काढायला सांगितलं. कधीचं, असं त्यानं विचारलं, तर आतून आईनंच उत्तर दिलं, की उद्याचं काढजा, आन् खिडकीजवळचं. तिचा आवाज काकूंच्या घरापर्यंत गेला.