तीन खात्यांचा सिग्नल आणि आमचे मेहुणे

कायदा धाब्यावर बसवून कायद्याचेच काम करवून घेणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ असावा, हा माझ्यावर झालेला उघड अन्याय आहे. याविरुद्ध दाद कोठे मागावी हे मला अद्याप सापडलेले नाही. अन्यथा मी अर्ज केलाच असता.

आमचे हे मेहुणे एस.टी.चे निवृत्त चालक. गगनबावड्याच्या घाटात धुक्यातून गाडी काढण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे सपाट रस्त्यावरील नियम त्यांना पोरखेळ वाटतात. रिक्षात मागे बसले तरी वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो आणि रिक्षावाल्याला ‘दुसरा टाक, दुसरा!’ असा आदेश सुटतो. लग्नाच्या पंगतीत स्वतःचे जेवण आटोपले की ते ‘चला, सुटली गाडी!’ म्हणून उठतात, आणि निम्मी पंगत खरोखरच हात धुवायला निघते. अनोळखी माणूस हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. जो भेटेल तो ‘पावणं’. आणि पाहुण्याला संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन उभे राहतात त्या दूधकट्ट्यावर नेऊन, समोर धार काढलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला पाजल्याखेरीज सोडणे त्यांच्या लेखी दखलपात्र गुन्हा. मी एकदा पचनाची सबब पुढे केली. ‘दाजी, येवढा कायदा पचतोय तुमास्नी, मग दूध का न्हाय?’ असा युक्तिवाद आला. मी पेला रिकामा केला.

त्यांच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये एक चौक आहे. एकट्या राहणाऱ्या या विधुर भावाला भाकरी पोहोचवण्यासाठी माझी पत्नी रोज संध्याकाळी तो ओलांडून जात असे आणि तासभर गप्पा मारून परतत असे. मग सिग्नल बंद पडला आणि एका दुचाकीने तिला पाडले. हाडे शाबूत राहिली, धीर मात्र खचला. डबा मी नेऊ लागलो. परंतु बहीणभावांच्या गप्पा डब्यातून नेता येत नाहीत. मी लेखणी उचलली, तेव्हा कळले की रस्ता एका खात्याचा, खांब दुसऱ्याचा आणि दिव्यांच्या वेळा ठरवणारे तिसरेच. प्रस्तुत विषय आपल्याशी संबंधित नसल्याचे तिघांनीही सविनय कळवले. स्मरणपत्रे झाली, अपिले झाली. अखेर खांबवाल्यांनी लिहिले की जळालेले यंत्र दुरुस्त होण्याजोगे नाही, नवे बसवणे ही दुरुस्ती ठरत नाही, आणि दुरुस्तीसाठी असलेली रक्कम नव्या वस्तूवर खर्चणे नियमबाह्य आहे. संताप याचा, की मुद्दा बिनचूक होता! नव्या यंत्रासाठी जिल्ह्याच्या नियोजन निधीतून पैसे मिळू शकत होते. मात्र त्यासाठी तिन्ही खात्यांची संयुक्त पाहणी आवश्यक होती, आणि ती कोणी बोलवावी यावर तिघांचा आपसांत पत्रव्यवहार चालू होता.

‘कागदानं माणसं येत न्हाईत दाजी, बोलवाय लागतंय,’ असे म्हणून मेहुण्यांनी तिन्ही कार्यालयांत जाऊन तिन्ही साहेबांना त्याच चौकातल्या कट्ट्यावर दुधाचे आवतण दिले. कारण सांगितले नाही. साहेब आले, असे आवतण मोडण्याची कोल्हापुरात रीत नाही. मीही होतोच. पेले रिकामे होताच मेहुणे म्हणाले, ‘चला साहेब, आता पान. त्या अंगाला, चौकाच्या पलीकडं.’

मिशांना फेस लागलेले तीन जबाबदार अधिकारी चौकाच्या कडेला थबकले. पाय पुढे टाकावा, तो ट्रक यावा. पाय मागे घ्यावा, तो रिक्षा. ‘अहो, हा सिग्नल आहे तरी कुणाचा?’ रस्तेवाले साहेब कडाडले. खांबवाल्यांनी वेळवाल्यांकडे पाहिले, वेळवाल्यांनी आभाळाकडे.

‘तुमा तिघांचाबी हाय की,’ मेहुणे म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. ‘माझी आक्का हितंच पडली. तवापास्नं येत न्हाय ती.’

साहेबांनी मिशांवरचा फेस पुसला. मी मात्र भडकलो. ‘या पाहणीला पूर्वसूचना नाही, इतिवृत्त नाही. कायद्याने ही शून्य आहे!’

‘मग लिवा की इतिवृत्त! तुमास्नी दुसरं काय येतंय?’

म्हशीशेजारी उभ्यानेच मी ते लिहिले आणि तिघांनी तेथेच सह्या केल्या. स्मरणपत्राविना मार्गी लागलेला माझ्या हातचा हा पहिलाच कागद. निधीला वेळ लागला, पण तो आला.

परवा संध्याकाळी दिवे लागले. पत्नीने माझ्या हातून डबा काढून घेतला आणि ‘तुम्ही नका येऊ’ म्हणाली. मी अंतर राखून मागे गेलो. ती कडेला थांबली. पलीकडे मेहुणे उभे होते. मध्ये रस्ता पूर्ण रिकामा.

‘आक्का, ये की! मोकळंच हाय!’

‘तांबडा हाय रे अजून!’

मेहुण्यांनी सवयीने रस्त्यावर पाय टाकला, आणि कोण जाणे कसा, मागे घेतला. खांबाला हात टेकून ते उभे राहिले. त्यांची पाठ एवढी वाकली आहे, हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग हिरवा लागला. ती डावी-उजवीकडे न बघता, सावकाश, सरळ चालत गेली. मेहुण्यांनी डब्याआधी तिचा हात धरला आणि दोघे बोलत बोलत गल्लीत वळले.

मलाही जावेसे वाटले. पण तोवर पुन्हा लाल लागला होता, मी थांबलो.