मी धरलेला हात

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या दिवाळीनंतर एक जुना फोटो आला आणि सगळ्यांच्या प्रेमाला ऊत आला. टाकला होता माझ्या भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं. तो पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीत रामाकोन्याच्या घरी आला की माळ्यावरच्या ट्रंका उपसत बसतो. पुण्यात राहणाऱ्यांना गावाकडचं सगळंच गोड लागतं, गावात राहावं लागत नाही ना.

फोटोत मधोमध काकी आहे, माझ्या धाकट्या काकाची बायको, तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. तिच्या एका बाजूला माझी आई. तिनं काकीचा हात कोपराजवळ धरला आहे. दुसऱ्या बाजूला मी, नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, काकीचा दुसरा हात दोन्ही हातांनी धरून उभी. मागे काका, मान खाली. त्याच्याही मागे मोहगावच्या पलीकडचं नदीकाठचं देवाचं जुनं ठाणं, काळ्या दगडाच्या पायऱ्या, गोंडांच्या काळातलं म्हणतात.

भाच्यानं फोटोत रंग भरला होता. काकीचं जांभळं लुगडं मोबाइलनं गुलाबी करून टाकलं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण हल्ली फोटोतली माणसं हलवता येतात म्हणे. त्यानं काकीला हलवलं. पन्नास वर्षांपूर्वीची काकी मान वळवून माझ्याकडे बघते आणि गोड हसते, असं सगळ्या घराण्यानं पाहिलं. कुणी लिहिलं, ‘काय माया होती तेव्हाच्या माणसांत!’ कुणी लिहिलं, ‘आत्या तर काकीआजीचा हात सोडूनच नाही राहिली.’ खाली लाल बदामांची रांग लागली. मीही एक बदाम टाकला. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेली मी.

तो हात मी का धरला होता, ते लिहिते. आता लिहिलं नाही तर मोबाइलचंच खरं ठरेल.

काकी वरुडकडची, मॅट्रिक पास. आमच्या घरात तेव्हा बाकी सात बाया होत्या आणि सातांत मिळून एक सही येत नव्हती. मला बाराखडी काकीनं शिकवली. छिंदवाड्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगची परीक्षा होती. काकानं मोठ्या भावाच्या नकळत तिचा फॉर्म भरला; एवढी एकच मर्दुमकी त्यानं आयुष्यात केली. आमचा भाग मध्य प्रदेशातला, तेव्हा परीक्षा हिंदीत. काकी शिकलेली मराठीत. म्हणून ती पहाटे गोठ्यात म्हैस पिळता पिळता हिंदीत पाठांतर करायची. पुस्तक सरकीच्या पोत्यामागे लपवलेलं. मास्तरचा जाडा आवाज काढून विचारायची, “वाष्पीकरण किसे कहते हैं?” आणि मग स्वतःच्या बारीक आवाजात उत्तर द्यायची. म्हैस रवंथ करत ऐकायची. मला भारी मजा वाटायची.

आमच्या घरात हिंदी नवीन नव्हती. पण ती बाजाराची हिंदी. अशी पुस्तकातली हिंदी, तीही दोन आवाजांत, तीही अंधारात म्हशीशी, हे आईनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं दाराआडून तीन दिवस ऐकलं आणि चौथ्या दिवशी मला कणगीमागे ओढलं.

“तू जात असते नं गोठ्यात तिच्यासंगं? काही वाचून राह्यली का थे? हातात पुस्तक-गिस्तक हाये का?”

आदल्याच दिवशी मी त्या पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीनं शेपटीवाला वाघ काढला होता आणि काकीनं मला एक थापड मारली होती. आयुष्यातली तिची एकच थापड. गाल दुखत नव्हता, पण राग धुमसत होता. शिवाय आई कधी नव्हे ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“नाही,” मी म्हटलं. “पुस्तक नाही. अशीच बोलते.”

बस, एवढंच. पुढचं मोठ्यांनी केलं. काकीच्या अंगात बाहेरचं काही शिरलंय असं ठरलं, पाच मंगळवार ठाण्यावर न्यायचं ठरलं. आईला जावेचं शिकणं खुपत होतंच. सुंठीवाचून खोकला जाणार होता. काका काही बोलला नाही. परीक्षा तिसऱ्या मंगळवारी होती.

पहिल्या मंगळवारी बैलगाडीतून उतरताना आईनं मला कानात सांगितलं, “तू हात धर तिचा. सोडू नको. मोठ्या माणसाले झटकून पळून जाईन थे, लेकराले नाही झटकणार.”

आई अडाणी होती, पण माणूस ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बाहेरचं शिरलेली बाई लेकराला झटकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे शिरलेलं काही नाही, हेही तिला ठाऊक होतं. पायऱ्यांपाशी एक फोटोवाला उभा असायचा. आईनं फोटो काढून घेतला, नवस फेडताना दाखवायला.

वर ओट्यावर भगतानं मिरच्यांची धुरी दिली. खोकून खोकून काकीचे डोळे लाल झाले. ती सांगत होती की मी अभ्यास करून राहिली होती, काहीही विचारा. कुणी विचारलं नाही, तेव्हा तिनं स्वतःच म्हणून दाखवायला सुरुवात केली. वाष्पीकरण, संघनन, वर्षा, सगळं घडाघडा, शुद्ध हिंदीत. भगत म्हणाला, “पाहा, बोलाले लागलं.” बाया हात जोडू लागल्या. काकीनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, तू तं पाह्यलं पुस्तक. सांग नं.”

माझे दोन्ही हात तिच्या हाताभोवती होते. मी सांगितलं नाही.

पाच मंगळवारांनंतर काकी बरी झाली. म्हणजे गप्प झाली. म्हैस मुकाट्यानं पिळू लागली. ते पुस्तक मीच पोत्यामागून काढलं आणि पुढे मास्तरणीची परीक्षा मीच दिली. आयत्या बिळावर नागोबा. ट्रेनिंगला निघाले तेव्हा काकीनं मला दशमी बांधून दिली होती.

तर आता भाच्यानं टूम काढली, त्याच जागी जाऊन, तसंच उभं राहून, पुन्हा फोटो काढायचा. आई गेली, काका गेला. काकी रामाकोन्यालाच असते, बहात्तरची, अजून काठी न घेता चालते. मी पांढुर्ण्याला, गुडघा बदललेला. मला वाटलं, काकी नाही म्हणेल. ती म्हणाली, “चाला नं, जाऊन येऊ.” चोराच्या मनात चांदणं, मला रात्रभर झोप नाही. तिथं गेल्यावर एकदाचं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं मी ठरवलं. बोलायची वाक्यंसुद्धा पाठ केली.

तीन गाड्या भरून गेलो. ठाण्याला आता टाइल्स लागल्यात. पायऱ्यांपाशी ‘सेल्फी पॉइंट’ असा बोर्ड आहे. पोरं ‘हेरिटेज, हेरिटेज’ करत काळे दगड टिपत होती. भाच्यानं मोबाइलवर जुना फोटो धरून एकेकाला जागेवर लावलं. आईच्या जागी माझी वहिनी, काकाच्या जागी माझा भाऊ. मी काकीच्या बाजूला, एका पायरीवर.

“आत्या, हात धर नं काकीआजीचा. दोन्ही हातांनी.”

मी धरला. वाळलेला, खरखरीत हात. पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

“काकी,” मी हळूच म्हटलं, “मला तुला एक सांगायचं होतं.”

“पुस्तक नाही म्हटलं, थेच नं?” ती समोर मोबाइलकडे बघत म्हणाली. “मले मालूम हाये. तुह्या मायनंच सांगतलं होतं, मरताना. पण थे नाही लागलं मले. नऊ वर्साचं लेकरू तू, भ्याली असशीन.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटले.

“लागलं दुसरंच,” काकी म्हणाली. “त्या दिवशी इथून पळाले जागा होती. खाली नदी आटेल होती, पलीकडं सडक. पण तू अशीच धरून होती. झटकलं असतं तं पडली असती तू. खाली सारी गिट्टी.”

“स्माइल!” भाचा ओरडला. वहिनीनं पदर सारखा करायला काकीचा हात सोडला.

“पन्नास वर्सं इचार करून राह्यली मी,” काकी म्हणाली. “झटकाले पाह्यजे होता.”

आणि तिनं हात झटकला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी पायरीवरून खाली गेले, कोपर सोलवटलं, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. सगळे धावले. आत्या पडली, आत्याचा तोल गेला, पाणी आणा. काकी धावली नाही.

ग्रुपवर भाच्यानं चांगला आलेला फोटो टाकला, पडण्याआधीचा. त्याला खूप बदाम आले. पण मोबाइल एकामागून एक फोटो काढतच होता. त्यातला एक तो पुसून टाकत होता, तो मी मागून घेतला. त्यात माझी फक्त साडी दिसते, खाली, अर्धवट. बाकी सगळे माझ्याकडे वळलेले आहेत. काकी तेवढी समोर बघते आहे, आणि तिचे दोन्ही हात सुटे आहेत.