कुंकवाखालचं नाव
दसऱ्याला घरात पुस्तकांची पूजा मांडली, की ओल्या कुंकवाच्या वासाने मला इतिहास मंडळाच्या ग्रंथालयातली एक दुपार आठवते. पन्नासच्या दशकात मी तिथे मोडी कागद वाचून द्यायचो, आणि पिंपरीच्या माळावर कारखान्यासाठी जमिनींची मोजणी सुरू झाली होती. काळेवाडीची एक बाई लाल फडक्यात बांधलेली इनामाची सनद घेऊन आली. जमीन आपल्याच घराण्याची आहे, हे तिला कचेरीत दाखवायचं होतं. कागद अस्सल होता, शिक्काही शाबूत होता, पण इनाम ज्याला दिलं त्याच्या नावावर नुसता तांबडा, खरखरीत डाग होता. “नाव वाचता येत नाही,” मी म्हणालो. तिने डागावर बोट ठेवलं. “आमच्या मूळपुरुषाचं नाव हितंच हाय, असं सासऱ्यांनी दावलं व्हतं. म्हणून तर दर दसऱ्याला हितंच कुंकू लावायचो.” मी सनदेची नक्कल केली, नावाच्या जागी टिंबं दिली आणि पुढचा कागद ओढला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता सून वाटी पुढे करते, मी कुंकवात बोट बुडवतो आणि पुस्तकाला न लावता धोतराला पुसतो.