अक्काचा ठोकळा

माझ्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, माझी मोठी बहीण सहा दिवस ठेवलेली होती. अशी सुरुवात केली की लोक माझ्याकडं बघायला लागतात. बघू द्या. मी जालन्यात एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, वीस वर्षं झाली. माणसाचे तुकडे बरण्यांत नि काचांवर बघायची मला सवय आहे. निदान तेव्हा तसं वाटायचं.

अक्काला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती बेचाळीसची होती. नवरा वारल्यापास्नं ती माहेरीच, अंबडकडच्या आमच्या गावी, मायजवळ राहून वडलांची जमीन कसायची. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मंग डॉक्टर मॅडमनी आणखी एक तपासणी सुचवली. म्हणाल्या, शरीराचे पहारेकरी असतात, रोगाशी लढणारे. ते गाठीच्या आत शिरलेत का बाहेरच थबकलेत, हे गाठीच्या तुकड्यातल्या जनुकांवरनं ओळखता येतं. आत शिरलेले असले तर बाई सहसा जास्त वर्षं काढते. पण हे काळ्या दगडावरची रेघ समजू नका, असंही त्यांनी दोनदा बजावलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "म्हंजी ह्यावरनं कळंल का, मी मोसंबी लावू का कपाशी?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना काय माहीत. कपाशी त्याच साली घरात येते. मोसंबीची बाग धरायला चार-पाच वर्षं लागतात. विहिरीखालच्या दीड एकरात मोसंबी लावायची, हे अक्काचं लग्नाआधीपासूनचं वेड. रोगाचा टप्पा कितवा, हे तिनं कधी विचारलं न्हाई. तिला तेवढंच उत्तर पाहिजे होतं.

ऑपरेशनात काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. अंगठ्याएवढा पांढरा ठोकळा, मधे करडा डाग. एका दवाखान्यातून तो सही करून घ्यायचा आणि दुसरीकडं पाठवायचा, हे काम घरच्या माणसालाच करावं लागतं. मंगळवारी मी तो घेऊन आले. लांबच्या लॅबचा माणूस सोमवारी येणार होता. मे महिना, आमच्याकडचं ऊन, मेण मऊ पडलं तर काय घ्या. म्हणून ठोकळा डबीत घालून मी फ्रिजात ठेवला.

अक्का आणि माय तेव्हा केमोसाठी माझ्याकडंच होत्या. त्याच संध्याकाळपास्नं अक्काला हिव वाजायला लागलं. अंगात ताप न्हाई. आम्ही पत्र्याखाली घामानं चिप्प, आणि ही दोन गोधड्या पांघरून बसलेली. "पोटात गार लागून राह्यलं," म्हणायची. "पाण्यात बसल्यावानी." मी रक्त तपासलं, सगळं बराबर. केमोनं होतं असं, म्हणून मी विषय संपवला.

खरं सांगते, मी भ्याले होते. रोज दूध काढताना माझा हात त्या डबीपाशी अडखळायचा. शुक्रवारी लाईट गेली ती दिवसभर. फ्रिजातलं पाणी कोमट झालं तसं अक्कानं गोधड्या बाजूला टाकल्या आणि मागून भाकर खाल्ली. संध्याकाळी लाईट आली, फ्रिज घुरघुरायला लागला. तासाभरानं अक्कानं गोधडी परत ओढून घेतली. मी भांडी घासत राहिले.

माय बघत होती. शनिवारी तिनं डबी हातात घेऊन विचारलं, "ह्यात काय हाय गं?" मी कामाला निघालेली, डोकं आधीच भणभणलेलं. औषध हाय म्हणायला माझं काय जात होतं? फटकन बोलून गेले, "अक्काच्या पोटातला तुकडा हाय. ठिव जागेवर."

माय गप्प झाली. मला तिथंच समजायला पाहिजे होतं. माय गप्प बसणाऱ्यातली बाईच न्हाई.

आमच्या गावात बाळंतिणीची वार घराच्या आवारात पुरतात. हळदकुंकू वाहून वर दगड ठेवतात, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. अंगातून निघालेलं उघड्यावर राहिलं की त्या माणसाच्या जिवाला थारा न्हाई, असं माय बिलकुल मनापासून मानते.

सोमवारी सकाळी लॅबचा माणूस दारात आणि डबी गायब. माय आदल्या दिवशीच 'शेळ्या बघून येते' म्हणून गावाकडं गेल्ती. अक्का पलंगावर बसून मिठाबरोबर कैरी खात होती, गोधड्या घडी करून पायथ्याशी. "काल दुपारपास्नं बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "ऊब आल्यावानी."

माय काल दुपारच्याच एसटीनं पोचली होती.

त्या माणसाला दुसऱ्या दिवशी यायला सांगून मी तशीच निघाले. माय न्हाणीमागं बसली होती, जिथं बेचाळीस वर्षांपूर्वी तिनं अक्काची वार पुरली होती तिथंच. समोर ताजी माती, वर दगड. मी तिला नको नको ते बोलले. तुझ्या लेकीला किती दिवस हायेत ते त्यात लिवलेलं हाय, तेच मातीत घातलंस, म्हणाले.

"लेकीला हिव वाजत होतं," माय म्हणाली. "मी तिला निजवलं."

खुरप्यानं उकरलं. हातभर खाली, हिरव्या खणात गुंडाळलेली डबी. एवढ्या खोल माती गारच असते, तशी ती होती. डबी मात्र कोमट होती, झोपलेल्या माणसाच्या अंगाला हात लावावा तशी. मेण जसंच्या तसं. मी हळद पुसली आणि परतीच्या एसटीत डबी मांडीवर धरून बसले. घरी पोचले तर अक्का दोन्ही गोधड्यांत.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. पहारेकरी बाहेरच थांबलेले होते. मॅडम फोनवर बराच वेळ बोलल्या, पण पाच वर्षांचा शब्द त्यांनी काढला न्हाई.

अक्का उंबऱ्यात बसून होती. "बोल. मोसंबी का कपाशी?"

"मोसंबी," मी म्हणाले. त्या खोट्याची मला अजूनही लाज वाटत न्हाई.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मला नजर खाली घालावी लागली इतका वेळ. "बरं," म्हणाली. मंग विचारलं, "तो ठोकळा माघारी मिळतो का?"

मिळतो, मी म्हणाले.

"पहिल्या खड्ड्यात तो घाला. वर रोप लावा."

तसंच केलं. खड्ड्यापाशी खाट टाकून ती बसली होती, मायनं हळदकुंकू वाहिलं. अक्कानं त्या बागेला दोन उन्हाळे पाणी दिलं. तिसरा तिनं बघितला न्हाई.

औंदा पहिल्या झाडाला फळ धरलं, बाकीच्या झाडांच्या आधी. माय एसटीनं आली, पदरात एकच मोसंबी बांधून. माझ्या हातावर ठेवली. मी सवयीनं फ्रिजचं दार उघडलं. लोणच्याच्या बरणीशेजारी जागा होती.

"तिथं नको ठिवू," माय म्हणाली. "तिला हिव वाजतं."