बाबांचं मत, माझं बोट

माझे सासरे आणि मी माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात राजकारणावरून भांडलो, आणि पुढची पंचवीस वर्षं ते भांडण आम्ही शिळं होऊ दिलं नाही. ते एका बाजूचे, मी दुसऱ्या. कोण कुठल्या बाजूचं ते इथे सांगणार नाही. का नाही, ते पुढे कळेल. शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी पेपर आला की पहिलं पान त्यांच्याकडे, अग्रलेखाचं माझ्याकडे, आणि चहा निवेपर्यंत खडाजंगी. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "तुम्हा दोघांना कुणी तिकीट देत नाही, हे देशाचं नशीबच म्हणायचं." नवरा बाबांच्याच बाजूचा. पण आवाज चढले की तो अंघोळीला जातो.

गेल्या काही वर्षांत काचबिंदूनं बाबांची दृष्टी नेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. खिडकीतला उजेड तेवढा कळतो. तेव्हापासून पेपर मी वाचून दाखवते. भांडण तसंच चालू राहिलं. फक्त आता त्यांची बाजूही मलाच वाचावी लागते.

लोकसभेची निवडणूक आली तेव्हा नवरा म्हणाला, "बाबा, तुमच्यासारख्यांचं मत घरी येऊन घेतात म्हणे. अर्ज करू या का?"

"मत म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, दारात उभं राहून घ्यायला?" बाबा म्हणाले. "मी जाणार. सोबत कुणीतरी लागेल."

"मी येतो की."

"तू नको. हिला घेऊन जातो."

मला वाटलं, थट्टा आहे. नवऱ्याला वाटलं, बाबांना आता वयोमानाप्रमाणे होतंय. त्यानं समजावून सांगितलं, की आत मशिनपाशी सोबतचं माणूसच बटण दाबतं, आणि ही कुणाची आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू माझ्याच बाजूचा. मी काय म्हणतो ते नीट न ऐकता घाईत दाबून मोकळा होशील. ही विरोधातली आहे. ही वाचून दाबेल."

पुणेरी माणसाचा तर्क म्हणजे बंद दार. ठोठावून उपयोग नसतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत जायचं ठरलं होतं, पण बाबांना इस्त्रीचा सदरा हवा होता आणि इस्त्रीवाला स्वतः मत द्यायला गेला होता. निघेपर्यंत ऊन रणरणू लागलं. आमचं केंद्र महापालिकेच्या शाळेत. रांगेत बाबांना पुढं जा म्हणून लोक सांगत होते आणि बाबा "आपला नंबर आला की जाऊ" म्हणत होते. शेवटी पोलिसानंच हाताला धरून आम्हाला आत नेलं.

आधी मी माझं मत दिलं. मग बाबांची पाळी. केंद्रावरच्या साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, की मी या मतदाराचा सोबती म्हणून काम करीत आहे, त्यांच्या वतीनं दिलेलं मत मी गुप्त ठेवीन, आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"सोबती!" बाबा म्हणाले. "पंचवीस वर्षं आपण जे करतोय त्याला सरकारनं फार चांगला शब्द काढलाय."

मी सही केली. बाबांच्या डाव्या बोटाला शाई लागली, आणि सोबती म्हणून माझ्या उजव्या बोटाला. माझ्या डाव्या बोटावर माझी स्वतःची होतीच. दोन्ही हातांना शाई लागलेली बाई त्या दिवशी त्या केंद्रात मी एकटीच असेन.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघं उभे राहिलो. मशिनं एकाला एक लावून ठेवलेली, कारण उमेदवारच तेवढे होते. मी हळूच विचारलं, "सांगा, कुणाला?"

"आधी सगळी नावं वाच."

"अहो बाबा, बाहेर रांग आहे."

"असू दे. कोण कोण उभं आहे ते कळल्याशिवाय मत द्यायचं? तुझी पद्धत असेल ती."

मी वाचू लागले. पहिल्यापासून, नाव आणि चिन्ह. मोठ्या पक्षांची चार नावं झाली, मग ज्यांची नावं मीही कधी ऐकली नव्हती अशी माणसं सुरू झाली. कुणाचं चिन्ह शिवणयंत्र, कुणाची भेंडी, कुणाची ढोबळी मिरची. बाबा मान हलवत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "एवढी माणसं उभी आहेत? पडणार हे माहीत असून?" त्यांच्या स्वरात एरवीचा तिरकसपणा नव्हता. ते खरोखर थक्क झाले होते, आणि खरं सांगायचं तर मीही झाले. थोड्याच वेळापूर्वी स्वतःचं मत देताना मी माझं एक चिन्ह शोधलं होतं आणि बाकी कुणाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बाहेरून साहेब दोनदा खाकरले. शेवटच्या मशिनवरचं शेवटचं बटण, 'वरीलपैकी कुणीही नाही', तेही मी वाचलं.

मग बाबा माझ्या कानाशी वाकले आणि एक नाव सांगितलं.

ते नाव मी या कागदावरही लिहिणार नाही.

मी बोट बटणावर नेलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, की आत्ता मी काय करतेय ते जगात कुणालाही दिसत नाहीये. या माणसाला तर नाहीच नाही. पंचवीस वर्षं ज्याला हरवायचा प्रयत्न केला त्याचं अख्खं मत माझ्या एका बोटाच्या टोकावर होतं. एवढी मोठी गोष्ट कुणी इतक्या सहज माझ्या हातात कधीच दिली नव्हती. माझ्या आईवडिलांनीही नाही. मी बटण दाबलं. लांब शिट्टी वाजली. शेजारच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी आली, त्यावर त्यांनी सांगितलेलं नाव होतं, आणि क्षणभर थांबून ती खाली पडली.

"दिसली?" बाबांनी विचारलं.

"दिसली. पडली."

"बरं," ते म्हणाले. कुठली पडली ते विचारलं नाही. घरी येईपर्यंत ते त्या ढोबळी मिरचीवाल्या उमेदवाराबद्दलच बोलत होते. त्याच्या घरची माणसं तरी त्याला मत देत असतील का, ही त्यांची काळजी.

निकालाच्या दिवशी आम्ही सकाळपासून टीव्हीसमोर. दुपार झाली तसतसा आवाज बदलत गेला. कुणालाच एकट्याच्या बळावर बहुमत मिळत नव्हतं. आमच्या बाजूच्यांना वाटत होतं आपण जिंकलो, बाबांच्या बाजूच्यांनाही वाटत होतं आपण जिंकलो, आणि दोघांचेही चेहरे पडलेले. खाली गल्लीत फटाक्यांची एक माळ लागली आणि अर्ध्यातच विझली. लावणाऱ्याचाच बहुतेक विचार बदलला असावा. वाण्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, सरकार कुणाचं?" मी म्हटलं, "जो सगळ्यांना चहाला बोलावेल त्याचं." तो म्हणाला, "मग साखर महागणार."

त्या संध्याकाळी मी गॅलरीत बराच वेळ उभी होते. समोरच्या इमारतीतल्या प्रत्येक खिडकीत तोच निळसर उजेड हलत होता. मला राहून राहून नवल वाटत होतं. एवढ्या कोटी माणसांनी आडोशामागे जाऊन एकेकट्यानं बटण दाबलं, कुणी कुणाला विचारलं नाही, आणि सगळ्यांचं मिळून उत्तर असं आलं की कुणालाच सगळं द्यायचं नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं. तरी ते ठरवल्यासारखं दिसत होतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, मतदानाचा धडा किती वर्गांना घोकून घेतला असेन, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदाच मोठा वाटला.

मग दिल्लीत बैठका सुरू झाल्या. कोण कुणाबरोबर, कोण बाहेरून पाठिंबा देणार, कोण आजारी पडून कुठल्या हॉटेलात राहिलाय. आमच्या पेठेत त्याला कडबोळं म्हणतात. आणि या कडबोळ्यात, देव जाणे कसं, माझं नाव आलं.

बाबांचा एक कट्टा आहे, शनिवारवाड्याजवळ. सकाळी पाच-सहा निवृत्त मंडळी तिथे बसतात. बाबांचं मत सूनबाईंनी दिलं हे तिथे कळलं होतंच. बहुमत हुकल्यावर एका निवृत्त बँक मॅनेजरांनी जाहीर केलं, की पुण्यात एका सुनेनं सासऱ्याचं मत पळवलं, तिथून देशाचं गणित बिघडलं. गंमत होती. मीही हसले. पण पुण्यात गंमत चार दिवसांत पेठ ओलांडते. इस्त्रीवाला मला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच का त्या?" शाळेत शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी माझ्या दोन्ही बोटांकडे पाहून डोळे मिचकावले. आणि एका रात्री जेवताना नवऱ्यानं ताटावरून मान वर केली.

"खरं सांग. बाबांचं मत कुणाला दिलंस?"

गमतीनं विचारलं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्यानं गमतीनं विचारलं नव्हतं.

"त्यांनी सांगितलं त्यालाच."

"ते तर तू म्हणणारच."

माझ्याकडे पुरावा एकच होता: कानात सांगितलेलं ते नाव. ते सांगावं तर सही केलेला शब्द मोडतो, आणि बाबांचं गुपित बाबांच्याच पंगतीत मांडलं जातं. न सांगावं तर मी चोर. मी बाबांकडे पाहिलं. ते एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ते भात कालवत होते. म्हणाले, "आमटी वाढ जरा."

मला फार लागलं. इतक्या वर्षांच्या भांडणांत जेवढं लागलं नव्हतं तेवढं लागलं. त्या रात्री मला वाटलं, त्यांच्याही मनात शंका आहे आणि ती विचारायची त्यांना भीड वाटतेय. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना मी संपादकीय पान न वाचताच घडी घातली.

मंत्र्यांचा शपथविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना कट्ट्यावर सोडायला मीच गेले, नवरा गावाला गेला होता. आम्ही दिसताच मॅनेजर ओरडले, "या, या! बहुमत गिळलेल्या सूनबाई!"

बाबा काठी टेकत बसले. मग म्हणाले, "मॅनेजर, मागच्या खेपेला विधानसभेला तुम्ही मत दिलंत ते स्वतःच्या हातानं ना?"

"अर्थात."

"सध्या ते कुठल्या पक्षात आहे?"

कट्टा खदखदून हसला. मॅनेजरही हसले, काय करतात. पण बाबांचे एक शाळूसोबती, कसब्यात चष्म्याचं दुकान असलेले, ते हसले नाहीत. ते स्वभावानं सरळ. त्यांनी साधेपणानं विचारलं, "पण तुला दिसत नाही रे. हिनं बरोबर बटण दाबलं हे तुला कसं कळलं?"

मी निघायच्या बेतात होते, तिथेच थांबले.

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "ही मला रोज पेपर वाचून दाखवते. हिच्या आवडत्या माणसाचं नाव आलं की ओवाळल्यासारखं वाचते. नावडत्याचं आलं की झुरळ चिमटीत धरून बाहेर टाकावं तसं. इतकी वर्षं ऐकतोय मी. त्या दिवशी हिनं तीसेक नावं वाचली. हिचा माणूस त्यात होता, हिला डोळ्यांसमोर नको असलेलाही होता, आणि तो मिरचीवाला होता. सगळी एकाच आवाजात वाचली. तेव्हाच कळलं. बटण दाबायच्या आधी कळलं."

चष्मेवाल्यांनी नुसती मान हलवली.

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या माणसाचं नाव मी कसं उच्चारलं ते आठवून पाहिलं, आठवेना. मी इतकी सरळ वागू शकते हे मला त्या आंधळ्या माणसाकडून कळलं, आणि त्यांनी ते जेवणाच्या ताटावर नव्हे, चारचौघांत सांगितलं. कट्ट्यावर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पिशवीतून पेपर काढला आणि तिथेच त्यांच्या शेजारी बसून नव्या मंत्र्यांची नावं वाचू लागले. दुसऱ्या की तिसऱ्या नावाला हुंदका निसटलाच.

"हा हुंदका कुठल्या पक्षासाठी?" बाबांनी विचारलं.

मी पुढचं नाव वाचलं.